शुक्रवारपर्यंत सहा हजार युरो

पत्र :

आम्ही दोघंही साठीच्या आसपासचे. मुलगी तिच्या संसारात आहे. गेल्या महिन्यात नऊ दिवस स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर होतो, अल्मेरिया प्रांतातल्या गारुचा गावी. सहज म्हणून एक फ्लॅट बघितला आणि हे त्याच्या प्रेमातच पडले. १९७४ ची इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. दोन बेडरूम, समुद्राकडची गच्ची काचा लावून आत घेतलेली, तळघरात गाडीची जागा. किंमत १,६०,००० युरो. विकणारे गृहस्थही परदेशीच, आणि ते आता स्पेनमध्ये राहत नाहीत.

एजंट म्हणतो, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, शुक्रवारपर्यंत ६,००० युरो टोकन भरा. वेगळ्या वकिलाची गरज नाही, नोटरी सगळं तपासतो. हवाच असेल तर त्यांच्या ऑफिसचा वकील स्वस्तात काम करेल. कागदावर दीड लाख दाखवू, दहा हजार रोख द्या, तुमचाही कर वाचेल. शिवाय घर घेतलं की राहण्याचा परवाना मिळतो म्हणे. आम्हाला दरवर्षी ऑक्टोबर ते मार्च तिथे राहायचंय. युरोपीय संघातल्या कुठल्याही देशाचा पासपोर्ट आमच्याकडे नाही.

ह्यांचं म्हणणं, कागदपत्रं कमी लागतील म्हणून घर त्यांच्या एकट्याच्या नावावर घेऊ. मी काही शंका काढली की 'तुला कायमच भीती वाटते' हे उत्तर ठरलेलं. पैसे भरावेत का?

– एक भित्री वाचक


उत्तर :

ताई, शुक्रवारी पैसे भरू नका. घर वाईट आहे म्हणून नव्हे, ते कदाचित चांगलंही असेल. पण एजंटने तुम्हाला चार गोष्टी सांगितल्या आणि त्यातली एकही धड नाही. एखाद्या माणसाचं एक वाक्य चुकलं तर गैरसमज म्हणता येतो. चारही वाक्यं चुकली आणि चारही त्याच्याच फायद्याची निघाली, तर त्याच्या हाती सहा हजार युरो देण्याआधी थांबणं याला भीती म्हणत नाहीत.

परवान्यापासून सुरुवात करू, कारण तुमचा सगळा बेत त्यावर उभा आहे. स्पेनमध्ये घर घेतल्यावर रहिवासाचा परवाना मिळण्याची सोय होती, हे खरं. 'गोल्डन व्हिसा' म्हणून ती ओळखली जायची आणि २०१३ च्या कायद्याने आली होती. ३ एप्रिल २०२५ पासून ती बंद झाली. आणि चालू होती तेव्हाही त्यासाठी किमान ५ लाख युरोची मालमत्ता घ्यावी लागे. म्हणजे तुमच्या १,६०,००० च्या फ्लॅटवर तो परवाना ना तेव्हा मिळाला असता, ना आज मिळेल. एजंटला हे माहीत नसेल तर तो कामाचा नाही, आणि माहीत असूनही बोलला असेल तर अजिबातच नाही.

परदेशी माणसाला स्पेनमध्ये घर घ्यायला बंदी नाही. पण घराची मालकी आणि तिथे राहण्याचा हक्क या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. स्वतःच्या घराची किल्ली खिशात असली तरी सीमेवरच्या अधिकाऱ्याच्या लेखी तुम्ही पाहुणेच. शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसांतली सीमातपासणी काढून टाकलेल्या युरोपीय देशांत, रहिवासाच्या परवान्याशिवाय कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, आणि ते दिवस एकट्या स्पेनचे नाहीत, सगळ्या शेंगेन देशांचे मिळून मोजले जातात. १ ऑक्टोबरला गेलात तर २९ डिसेंबरला नव्वद भरले. मग थेट मार्चच्या अखेरीपर्यंत बाहेर. तुमचा हिवाळा बरोबर मधोमध तुटतो. पूर्वी पासपोर्टवरच्या शिक्क्यांच्या हिशेबात थोडीफार नजरचूक होत असे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेणारी नवी प्रवेश-निर्गमन व्यवस्था सुरू झाली आहे. संगणक दिवस मोजायला चुकत नाही.

सहा महिने सलग राहायचं असेल तर त्याचा रस्ता वेगळा : नोकरी-धंदा न करता स्वतःच्या पैशावर राहणाऱ्यांचा व्हिसा. तो तुमच्या देशातल्या स्पॅनिश वकिलातीतून मिळवावा लागतो. त्याचं उत्पन्नाचं गणित 'इप्रेम' नावाच्या सरकारी निर्देशांकावर चालतं. महिना ६०० युरोच्या इप्रेमप्रमाणे एकाला चारपट, म्हणजे २,४०० युरो, आणि जोडीदाराचे आणखी ६००. वर्षाला दोघांचे ३६,००० युरो दाखवता आले पाहिजेत, वर खासगी आरोग्य विमा. तिथे घर आहे म्हणून हा व्हिसा सहज मिळतो असं नाही, आणि घर नाही म्हणून अडतही नाही. भाड्याचं घर चालतं. म्हणजे क्रम उलटा लावा. आधी व्हिसा मिळतो का ते पाहा, मग घर. व्हिसा नाकारला गेला तर घर परत करता येत नाही.

आणखी एक धागा इथेच गुंतलेला आहे. एका कॅलेंडर वर्षात १८३ हून अधिक दिवस स्पेनमध्ये राहिलं की तुम्ही तिथले करदाते रहिवासी ठरता. मग जगभरच्या उत्पन्नावर तिथे विवरणपत्र भरायचं, आणि स्पेनबाहेरच्या बँकठेवी ५०,००० युरोंच्या वर असतील तर त्याही जाहीर करायच्या. तुमचा ऑक्टोबर ते मार्च म्हणजे वर्षाकाठी १८२ दिवस. कुणी हिशेब करून ठरवलंत की योगायोग, माहीत नाही, पण परतायला दोन दिवस उशीर झाला की काठावरून आत पडाल. शिवाय दिवस हा एकच निकष नाही, तुमचे आर्थिक व्यवहार मुख्यतः कुठे आहेत हेही पाहतात. कर सल्लागाराकडे एकदा बसाच.

आता नोटरी. स्पेनमधला 'नोतारिओ' हा मोठ्या मानाचा सरकारी अधिकारी असतो, आणि खरेदीखत त्याच्यासमोरच होतं. तो दोन्ही पक्षांची ओळख पटवतो, नोंदणी कार्यालयातून मालकी आणि बोजाची ताजी माहिती मागवतो, पैसे कसे दिले ते खतात नोंदवतो. पण तो तुमचा माणूस नाही आणि विकणाऱ्याचाही नाही. गच्ची परवानगीने बंद केली का, सोसायटीच्या मागच्या बैठकीत काय ठरलं, विसाराच्या कागदात तुमच्यावर अन्याय करणारं कलम आहे का, हे बघणं त्याच्या कामात बसत नाही. आणि मुख्य म्हणजे तो चित्रात येतो शेवटच्या दिवशी. तोवर टोकन गेलेलं असतं, विसार गेलेला असतो. नोटरी निवडण्याचा हक्क खरेदीदाराचा असतो, हे मात्र एजंट सहसा सांगत नाहीत.

एजंटच्या ऑफिसचा वकील हे तर सरळ दुधाच्या राखणीला मांजर. त्याला कामं कोण देतं? एजंट. एजंटला पैसे कधी मिळतात? सौदा झाला तर. मग 'हा सौदा करू नका' असं तो वकील वर्षातून किती वेळा म्हणत असेल? २००० सालापासून स्पेनमध्ये घरांचा एजंट व्हायला ठरावीक पदवी किंवा संघटनेचं सभासदत्व सक्तीचं राहिलेलं नाही. काही प्रदेशांनी पुढे आपापली नोंदणी आणली, एवढंच. वकिलाचं तसं नाही. 'आबोगादो' हा त्या-त्या भागातल्या वकील मंडळाचा सदस्य असावाच लागतो, त्याला सभासद क्रमांक असतो आणि तो पडताळता येतो. तुमचा वकील तुम्ही शोधा, एजंटच्या गावाबाहेरचा असेल तर उत्तम. फी साधारण किमतीच्या एक टक्का, वर २१ टक्के व्हॅट. तुमच्या बाबतीत दोन हजार युरोच्या आत-बाहेर. एवढ्या मोठ्या खरेदीत ही रक्कम वाचवायची म्हणजे छत्री घरी ठेवून पावसाला शिव्या देणं.

त्याला पहिलं काम हे सांगा : 'नोता सिंप्ले' काढा. मालमत्ता नोंदणी कार्यालयाचा तो उतारा आहे. मालक कोण, गहाण आहे का, जप्ती आहे का, क्षेत्रफळ किती, सगळं त्यात असतं. इंटरनेटवरून दहा युरोच्या आसपास मिळतो. इतका स्वस्त आहे की वकील नेमण्याआधी तुम्ही स्वतःही काढू शकता. मग त्याच्याशेजारी 'कातास्त्रो'ची नोंद ठेवा. कातास्त्रो म्हणजे कर आकारणीसाठीची भूमापन नोंद. स्पेनमध्ये ही दोन दफ्तरं वेगळी आहेत आणि बरेचदा एकमेकांशी जुळत नाहीत. तुमच्या फ्लॅटच्या बाबतीत ती जुळणार नाहीत असा माझा अंदाज आहे, आणि कारण आहे ती काचा लावलेली गच्ची.

या गच्चीवर जरा रेंगाळतो. तुमचे यजमान बहुधा तिच्यामुळेच भाळले असणार, सकाळी चहा घेऊन समुद्र बघत बसायचं चित्र कुणाच्याही डोळ्यांसमोर येईल. पण उघडी गच्ची बंद करून खोलीत घेणं म्हणजे इमारतीचं दर्शनी रूप बदलणं आणि बांधीव क्षेत्र वाढवणं. त्याला नगरपालिकेची परवानगी लागते आणि सोसायटीचीही. त्या किनाऱ्यावर अशा असंख्य गच्च्या दोन्हींशिवाय बंद झालेल्या दिसतील. 'सगळ्यांनीच केलंय' हे तुम्हाला तिथे ऐकू येईल, आणि ते खरंही असतं. पण जबाबदारी घराबरोबर नव्या मालकाकडे येते. उद्या सोसायटीने दर्शनी भाग दुरुस्तीला काढला आणि काचा उतरवायला सांगितल्या, तर तो खर्चही तुमचा आणि गेलेला समुद्रही तुमचा. वकिलाला तीन गोष्टी तपासायला सांगा : गच्ची केव्हा बंद केली, परवानगी आहे का, नसेल तर नगरपालिकेची कारवाईची मुदत उलटून गेली आहे का. आणि एजंट सांगतो ते चौरस मीटर गच्ची धरून की वगळून, हेही. जाहिरातीत 'बांधीव' आकडा असतो, पाय ठेवायला मिळतो तो 'वापरण्याजोगा', आणि दोन्हींत चांगलाच फरक पडतो.

बेकायदा बांधकाम हा त्या भागात पुस्तकी धोका नाही. गारुचाच्या शेजारी वेरा नावाचं गाव आहे. जानेवारी २००८ मध्ये तिथे एका निवृत्त ब्रिटिश जोडप्याचं राहतं घर यंत्र लावून पाडलं गेलं. त्यांच्याकडे गावच्या नगरपालिकेचा बांधकाम परवाना होता! पण अल्मेरिया ज्या प्रदेशात येतो त्या अंदालुसियाच्या प्रादेशिक सरकारचं म्हणणं पडलं की ती शेतजमीन आहे आणि असा परवाना द्यायचा अधिकारच नगरपालिकेला नव्हता. तुमचा फ्लॅट गावठाणातल्या जुन्या इमारतीत आहे, त्याला ही भीती नाही. मी हे लिहितो आहे ते पुढच्यासाठी. असा किनारा बघून आलेल्या माणसांना वर्षभरात डोंगरातल्या शेतघराचं वेड लागतं, तिथे किंमत निम्मी आणि अंगण दहापट असतं. तुमच्या यजमानांना ते लागलं, तर हा परिच्छेद कापून फ्रिजवर लावा.

आता सोसायटी. स्पेनमध्ये इमारतीतल्या सगळ्या मालकांची मिळून 'कोमुनिदाद' असते, तिचा मेंटेनन्स असतो, आणि आधीच्या मालकाने तो थकवला असेल तर चालू वर्षाची आणि त्याआधीच्या तीन वर्षांची थकबाकी नव्या मालकाच्या घरावर चढते. म्हणून 'थकबाकी नाही' असा व्यवस्थापकाचा दाखला खरेदीखताच्या वेळी मागतात. पण दाखल्यात फक्त मागचं कळतं. पुढचं कळतं ते बैठकांच्या इतिवृत्तांतून. मागच्या तीन वर्षांची इतिवृत्तं मागवा आणि वकिलाकडून त्यात 'देर्रामा' हा शब्द शोधून घ्या. देर्रामा म्हणजे मोठ्या कामासाठी सगळ्यांकडून काढायची जादा वर्गणी. पन्नाशी ओलांडलेली, लिफ्ट नसलेली, खाऱ्या वाऱ्यात उभी असलेली इमारत आहे तुमची. छत, सांडपाण्याचे नळ, दर्शनी भाग, लिफ्ट यातलं काहीतरी चर्चेत असणारच. लिफ्ट मंजूर झालेली असेल तर खर्च वाढला तरी ती चांगली बातमी समजा. तुम्ही आज साठीच्या आहात, तो जिना पंचाहत्तरीतही चढायचाय.

१९७४ या आकड्याचा आणखी एक अर्थ आहे. स्पेनमध्ये इमारतींना उष्णतारोधक अस्तर लावण्याचा पहिला नियम १९७९ चा. त्याआधीच्या इमारतींच्या भिंती बहुधा नुसत्याच असतात. तुम्ही गेलात तेव्हा ऊन होतं. जानेवारीत त्या किनाऱ्यावर दुपार सोनेरी असते आणि संध्याकाळी घरात स्वेटर घालून बसावं लागतं, गाद्यांना ओल धरते. विकणाऱ्याने ऊर्जा प्रमाणपत्र देणं २०१३ पासून बंधनकारक आहे. त्यात 'ए' ते 'जी' अशी श्रेणी असते. ते मागा, आणि अक्षर पाहून विजेच्या बिलाचा अंदाज बांधा. तळघरातल्या गाडीच्या जागेसाठी पूरप्रवण क्षेत्रांचा सरकारी नकाशा इंटरनेटवर मोफत बघता येतो. वर्षभर कोरडे पडलेले ओढे तिथे शरद ऋतूतल्या एका पावसात नदी होतात. सप्टेंबर २०१२ मध्ये वेरात तसंच झालं, आणि २९ ऑक्टोबर २०२४ ला वलेन्सियात काय झालं ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंच असेल. तिथे गाडी काढायला तळघरात उतरलेली माणसं परत आली नाहीत.

पैशांकडे येऊ. १,६०,००० ही फ्लॅटची किंमत आहे, तुमचा खर्च नव्हे. जुन्या घराच्या खरेदीवर हस्तांतरण कर लागतो आणि त्याचा दर प्रदेशाप्रदेशात बदलतो. अंदालुसियात तो ७ टक्के आहे, म्हणजे ११,२०० युरो. त्यात नोटरी, नोंदणी, वकील, दुभाषा, तुमच्या देशातून पैसे पाठवण्याचा खर्च धरा. एकूण किमतीच्या दहाएक टक्के वर गेले असं मानून चाला. एजंटने यातला एकही आकडा दिला नव्हता का? पत्रात तरी नाही.

त्या दहा हजार रोखीचं तर नावच काढू नका. एक तर ते बेकायदा आहे. दुसरं, तुमचा कर वाचेल हेही खरं असेलच असं नाही : २०२२ पासून हा कर खतातली किंमत किंवा कातास्त्रोने ठरवलेलं 'संदर्भ मूल्य', यातलं जे जास्त असेल त्यावर बसतो. संदर्भ मूल्य १,५८,००० निघालं तर खतात दीड लाख लिहून काय उपयोग? तिसरं, तुम्ही उद्या हा फ्लॅट विकाल तेव्हा नफ्यावर १९ टक्के कर लागेल, आणि तुमची खरेदीची किंमत कागदावर दहा हजारांनी कमी असेल. म्हणजे विकणाऱ्याचा १,९०० युरोचा कर तुम्ही आपल्या डोक्यावर घेताय. शिवाय १०,००० युरो किंवा त्याहून जास्त रोकड घेऊन युरोपीय संघात शिरताना ती सीमेवर जाहीर करावी लागते. अधिकाऱ्याने 'कशासाठी?' असं विचारलं तर काय सांगणार?

विकणारे गृहस्थ स्पेनमध्ये राहत नाहीत, हे तुम्ही ओघात लिहिलंत. माझ्या दृष्टीने पत्रातली सर्वात महत्त्वाची ओळ तीच. विकणारा अनिवासी असेल तर खरेदीदाराने किमतीच्या ३ टक्के रक्कम कापून घ्यायची आणि एका महिन्यात '२११' क्रमांकाच्या फॉर्मने सरकारात भरायची, असा नियम आहे. तुमचे होतात ४,८०० युरो. गृहस्थांच्या हाती १,५५,२०० जातील. हे विसरलात तर कर खातं त्या गृहस्थांच्या मागे परदेशात जाणार नाही. घर स्पेनमध्ये आहे, ते त्या घराच्या मागे लागेल. तीच गोष्ट 'प्लुसवालिया'ची, म्हणजे जमिनीच्या वाढलेल्या मूल्यावर नगरपालिका घेते त्या कराची. एरवी तो विकणाऱ्याने भरायचा, पण विकणारा अनिवासी असेल तर नगरपालिका खरेदीदाराला धरते. वकील हिशेब करून तेवढी रक्कम खरेदीखताच्या दिवशीच बाजूला ठेवून घेतो. एजंटने याबद्दल चकार शब्द काढला नाही, यावरून तो कुणाच्या बाजूने उभा आहे ते ओळखा.

वर्षाचा खर्च फार नाही, पण तो विसरणारे पुष्कळ असतात. नगरपालिकेची घरपट्टी, मेंटेनन्स, विमा, वीज-पाण्याचा स्थिर आकार. आणि एक विचित्र कर : घर भाड्याने दिलं नाही तरी त्यातून तुम्हाला काल्पनिक उत्पन्न मिळतं असं धरून अनिवासी मालकाकडून कर घेतात. समजा कातास्त्रोचं मूल्य ६०,००० युरो आहे. त्याचे १.१ टक्के ६६०, त्यावर युरोपीय संघाबाहेरच्या रहिवाशांना २४ टक्के, म्हणजे १५८ युरो ४० सेंट. काही ठिकाणी १.१ ऐवजी २ टक्के धरतात. रक्कम किरकोळ, पण दोघं मालक असाल तर दोघांनी वेगवेगळी विवरणपत्रं भरायची. तुम्ही नसताना पर्यटकांना भाड्याने देऊन खर्च काढू, असं कुणी सुचवलं तर एवढंच ध्यानात ठेवा : ३ एप्रिल २०२५ पासून त्यासाठी सोसायटीतल्या तीन पंचमांश मालकांची मंजुरी लागते. ती मिळेल असं धरून कर्ज काढू नका.

'घर एकट्याच्या नावावर घेऊ' यावर माझं मत विचारलं नाहीत, पण लिहितो. घेऊ नका. कागदपत्रं कमी होतात म्हणजे किती? परदेशी माणसाचा ओळख क्रमांक असतो, एन.आय.ई., तो वकिलातीतून मिळतो. दोन नावं असली की दोन क्रमांक काढायचे, एवढाच फरक. उलट बाजू पाहा. यजमानांचं काही बरंवाईट झालं तर घर आपोआप तुमचं होत नाही. अगदी दोघांच्या नावावर असलं तरी त्यांचा अर्धा भाग वारसाहक्कातून जातो, आणि वारसा करासाठी मुदत असते सहा महिन्यांची. दुःखाच्या दिवसांत परक्या देशात परक्या भाषेतले कागद. नुसत्या कराचा प्रश्न असेल तर अंदालुसिया उदार आहे, नवरा-बायको आणि मुलांना १० लाख युरोपर्यंतच्या वारशावर सूट आहे. अडतं ते वारस कोण हे सिद्ध करताना. म्हणून खरेदी झाली की त्याच आठवड्यात, त्याच नोटरीकडे, दोघांनी स्पेनमधल्या मालमत्तेपुरती मृत्युपत्रं करा. त्यात 'माझ्या राष्ट्रीयत्वाचा वारसा कायदा लागू व्हावा' असं स्पष्ट लिहिता येतं, १७ ऑगस्ट २०१५ पासून लागू असलेल्या युरोपीय नियमाने तशी मुभा आहे. नाहीतर तुम्ही शेवटी जिथे राहत होतात तिथला कायदा लागतो, आणि व्हिसा घेऊन स्पेनमध्येच स्थायिक झालेल्यांना तिथला कायदा लागला तर मालमत्तेचा दोन तृतीयांश भाग मुलांसाठी राखून ठेवावा लागतो. मुलगी कितीही प्रेमळ असली तरी तुम्हाला तिच्या परवानगीने राहायची वेळ का यावी? तुमच्या देशात मृत्युपत्र आधीच केलं असेल तर नव्याने जुनं रद्द होत नाही ना, एवढं वकिलाला बघायला सांगा.

हे सगळं वाचून 'मग घ्यायचंच नाही का?' असं तुमचे यजमान विचारतील. मी असतो तर येत्या जानेवारी ते मार्च गारुचात फ्लॅट भाड्याने घेतला असता. तिथे हंगामी भाड्याचे करार होतात, आणि हिवाळ्यात समुद्रकाठची घरं रिकामी पडलेली असल्याने भावही बोलता येतो. जमलं तर त्याच इमारतीत घ्या. मुक्काम नव्वद दिवसांच्या आत बसवा, म्हणजे लांब मुक्कामाच्या व्हिसाचा घोळ नाही. दिवसातून तीनदा जिना चढून बघा. कोणती दुकानं नोव्हेंबरात बंद होऊन एप्रिलला उघडतात ते बघा. दवाखाना किती लांब आहे, तिथे तुमची भाषा कळणारं कुणी आहे का, ते बघा. नऊ दिवसांत गाव पाहुण्याला दिसतं. खालच्या मजल्यावरच्या बाईंशी ओळख व्हायला महिना लागतो, आणि त्या गच्चीचा सगळा इतिहास तिलाच ठाऊक असतो.

तोवर हा फ्लॅट गेला तर? जाऊ दे. मला येणाऱ्या पत्रांत 'दुसरं गिऱ्हाईक' हमखास असतं, आणि शुक्रवारही हमखास असतो. एका पत्रात तर तो शुक्रवार सलग पाच आठवडे आला होता.

यजमान अगदीच ऐकत नसतील आणि काहीतरी भरायचंच असेल, तर निदान कागद बदलून घ्या. टोकनाच्या पावतीवर लिहून घ्या की खरेदीदाराच्या वकिलाच्या तपासणीत मालकी, बोजा किंवा बांधकामाच्या कायदेशीरपणात दोष निघाला तर पूर्ण रक्कम परत. पैसे एजंटच्या रोजच्या खात्यात न जाता तुमच्या वकिलाच्या अशिलांसाठीच्या खात्यात राहू द्या. त्याच्या पुढची पायरी विसाराची, तिथे त्याला 'अर्रास' म्हणतात, बहुधा १० टक्के, म्हणजे तुमचे १६,०००. करारात नागरी संहितेच्या १४५४ व्या कलमाचा उल्लेख आहे का ते पाहा. तो असेल तर तुम्ही माघार घेतली की विसार बुडतो, पण विकणाऱ्याने माघार घेतली तर त्याला दुप्पट परत द्यावा लागतो. उल्लेख नसला तर वाद कोर्टात जाऊ शकतो. स्वतः जाणं जमलं नाही तर वकिलाला मुखत्यारपत्र देता येतं. एजंटला मात्र नाही, कितीही गोड बोलला तरी.

जानेवारी २०२५ मध्ये स्पेनच्या पंतप्रधानांनी युरोपीय संघाबाहेरच्या अनिवासी खरेदीदारांवर किमतीच्या १०० टक्क्यांपर्यंत कर लावण्याचा प्रस्ताव जाहीर केला होता, ते तुमच्या वाचनात आलंच असेल. प्रस्ताव आणि कायदा यांत अंतर असतं. पण सही करायच्या आठवड्यात त्याची स्थिती काय आहे हे वकिलाकडून लेखी घ्या.

उद्या सकाळी एजंटला एवढंच पाठवा : 'फ्लॅट आवडला. आमचे वकील तुमच्याशी बोलतील. कृपया नोता सिंप्ले, ऊर्जा प्रमाणपत्र, थकबाकी नसल्याचा दाखला, सोसायटीच्या तीन वर्षांच्या बैठकांची इतिवृत्तं आणि गच्ची बंद करण्याची परवानगी पाठवावी. किंमत पूर्ण कागदावर राहील.' मग बघा तो किती दिवसांनी उत्तर देतो, आणि यातले किती कागद येतात. काय आलं ते मला कळवा. आणि पुढच्या पत्राखाली भित्री वाचक अशी सही करू नका.